स्पार्कस्टेशन २० चा बोर्ड, सीपीयू मोड्यूल आणि मेलेली एनव्हीरॅम: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडं पहिलं एसएस-२०, म्हणजे स्पार्कस्टेशन २०, आलं ते एका बंद पडलेल्या लॅबच्या भंगारातून, अक्षरशः किलोच्या भावानं, आणि देणाऱ्यानं सांगितलं होतं की बोर्ड गेलाय. बोर्ड गेला नव्हता. त्यानंतर अशी चार मशीन्स हातातून गेली, त्यातली तीन "बोर्ड गेलाय" म्हणूनच आली होती आणि तिन्हींचा बोर्ड ठणठणीत होता. त्याच त्याच प्रश्नांना तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

एक आधीच सांगतो, कमांड इथं देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर अर्थातच रोमनमधे टाइप करायच्या, उच्चारावरून कळतीलच. काही नावांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे ते नावाचाच भाग आहे, माझी शंका नाही.

हे मशीन नक्की काय आहे आणि एवढं काय त्याचं?

सन मायक्रोसिस्टिम्सचं १९९४ चं वर्कस्टेशन. पिझ्झाच्या खोक्यासारखी चपटी पेटी, आत दोन एमबस स्लॉट म्हणजे सीपीयू मोड्यूल बसवायच्या जागा, चार एसबस स्लॉट म्हणजे जादा कार्डं लावायच्या जागा, मेमरीचे आठ स्लॉट. त्या काळात टेबलावर ठेवायच्या पेटीत चार प्रोसेसर बसवता येणं ही मोठीच गोष्ट होती. पिक्सारनं पूर्ण लांबीचा पहिला कम्प्युटर ॲनिमेशन पिक्चर रेंडर केला तो असली शंभरावर मशीन्स एकत्र लावून. आपल्याकडचा धागा म्हणाल तर पुण्याच्या सी-डॅकच्या परम ९००० या सुपरकम्प्युटरच्या एका आवृत्तीत यातलाच सुपरस्पार्क प्रोसेसर होता, आणि सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला जन्मानं पुणेकर. असो, अभिमान झाला, आता स्क्रूड्रायव्हर घ्या.

आणल्या आणल्या लगेच पॉवर देऊ का?

नका देऊ. तीस वर्षांचं मशीन आहे, त्यातली निम्मी वर्षं ते कुठल्यातरी स्टोअररूममधे धूळ आणि दमट हवा खात पडलेलं असतं. आधी झाकण उघडा, धूळ ब्लोअरनं काढा, सप्लायवरचं लेबल वाचून आपल्या २३० व्होल्टला चालतंय ना ते बघा. सप्लाय हुंगा. हसू नका, फुटलेल्या कपॅसिटरचा वास माशासारखा आंबूस येतो आणि एकदा आला की आयुष्यभर विसरत नाही.

मग एसबसची सगळी कार्डं काढून ठेवा, डिस्क काढा, मेमरीची एकच पट्टी ठेवा, सीपीयू मोड्यूल एकच ठेवा आणि तेही आधी ज्या स्लॉटात होतं त्यातच. कोणती वस्तू कुठं होती याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उद्या आठवेल म्हणाल तर नाही आठवत. एवढ्या उघड्या-नागड्या अवस्थेत बोर्ड बोलला तर बोर्ड जिवंत आहे, पुढची एकेक वस्तू लावत जायचं, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन बंद पडलं की मग कुणाच्या नावानं बोंब मारणार?

स्क्रीन काळीच आहे. बोर्ड मेला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर "नाही" असतं. स्क्रीनला सोडा. हे मशीन सिरियल पोर्टवर बोलतं, तिथं ऐका.

कीबोर्ड काढून टाका. पॉवर देताना कीबोर्ड सापडला नाही की बूट प्रॉम (बोर्डवरचा, मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आपोआप सिरियल पोर्ट ए वर कन्सोल नेतो, सेटिंग बदलावं लागत नाही. पोर्ट २५ पिनांचा आहे, त्यामुळं २५ ते ९ पिनांचा ॲडाप्टर, एक नल-मोडेम म्हणजे क्रॉस केबल आणि यूएसबी-सिरियलचा डोंगल एवढं लागेल, लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलात तर मिळून जातं. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. काहीच आलं नाही तर केबल सरळ आहे, क्रॉस नाही. गिचमिड अक्षरं आली तर वेग चुकलाय. नीट अक्षरं आली तर अभिनंदन, तुमचा बोर्ड मेलेला नाही.

बोर्डवर सिरियल पोर्टसाठी आरएस-४२३ की आरएस-२३२ असं ठरवणारे जम्पर आहेत, कंपनीतून ते ४२३ वर येतात. व्यवहारात २३२ च्या डोंगलशी ४२३ सुद्धा गुण्यागोविंदानं चालतं, त्यामुळं तिथं आधी हात घालू नका. बाकी या बोर्डावर जम्पर जवळपास नाहीतच, त्याच काळातल्या पीसीसारखं आयआरक्यू, डीएमए आणि वीस जम्परांची माळ असला प्रकार नाही. सगळी कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममधे, म्हणजे पॉवर गेली तरी बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत. आणि तिथंच खरी गोम आहे.

"आयडीप्रॉम कंटेंट्स आर इनव्हॅलिड" असं येतंय आणि इथरनेट ॲड्रेस सगळा एफ-एफ-एफ दिसतोय. काय झालं?

बॅटरी मेली. बोर्डवर एक जाडजूड, वर काळं टोपडं घातल्यासारखी २८ पायांची चिप असते, बहुतेक वेळा वर बारकोडाचं स्टिकर, एम-४८-टी-०८ नावाची, तीच ही एनव्हीरॅम. तिच्या पोटात तीन गोष्टी आहेत: आठ किलोबाइट मेमरी, घड्याळ, आणि लिथियमची बॅटरी. बॅटरी साधारण दहा वर्षांच्या हिशोबानं घातलेली. म्हणजे आज तुमच्या हातात येणाऱ्या प्रत्येक मशीनची ही बॅटरी मेलेली आहे असंच धरून चाला, जिवंत निघाली तर पेढे वाटा.

हिच्यात नुसती सेटिंग्ज नसतात, मशीनची ओळखही असते. आयडीप्रॉम म्हणतात तो सोळा बाइटांचा तुकडा: पहिला बाइट फॉरमॅटचा, दुसरा मशीनच्या प्रकाराचा, मग सहा बाइट इथरनेट ॲड्रेस, चार बाइट तारखेचे, तीन बाइट होस्ट आयडीचे, आणि शेवटचा चेकसम, म्हणजे आधीचे बाइट बरोबर आहेत का ते पडताळायचा आकडा. बॅटरी गेली की मशीन स्वतःचं नावच विसरतं, गजनीसारखं. चेकसम जुळत नाही म्हणून सेटिंग्ज डिफॉल्टवर टाकतं आणि वर "डायग-स्विच?" चालू करून बसतं. मग ते डिस्ककडं बघतच नाही, डायग्नोस्टिक मोडमधे बूट करायची जागा डिफॉल्टनं नेटवर्क असते, त्यामुळं ते नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करतं आणि "टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट" अशी ओळ अनंतकाळ छापत राहतं. बघणारा म्हणतो डिस्क गेली, नेटवर्क गेलं, बोर्ड गेला. गेलंय काय, तर एक बॅटरी.

माझं पहिलं मशीन असंच होतं. भंगारवाल्याच्या आधी कुणीतरी त्यात नवीन डिस्क घालून पाहिली होती, नेटवर्कचं वेगळं कार्ड घालून पाहिलं होतं, मेमरी बदलली होती, आणि एनव्हीरॅमच्या स्टिकरवर पेनानं "ओके" लिहून ठेवलं होतं. त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मग आयडीप्रॉम परत कसा भरायचा?

नेटवर्क बूटची बडबड थांबवा, सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र, सिरियलवर असाल तर टर्मिनल प्रोग्रॅममधून ब्रेक पाठवा. "ओके" असा प्रॉम्प्ट येईल. नुसतं ">" चिन्ह आलं तर तो जुना मोड आहे, एन दाबून एंटर मारा. मग:

सेट-डिफॉल्ट्स
सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स
१ ० एमकेपी
रियल-मशीन-टाइप १ एमकेपी
८ २ एमकेपी
० ३ एमकेपी
२० ४ एमकेपी
सी० ५ एमकेपी
एफएफ ६ एमकेपी
ईई ७ एमकेपी
० ८ एमकेपी
० ९ एमकेपी
० ए एमकेपी
० बी एमकेपी
सी० सी एमकेपी
एफएफ डी एमकेपी
ईई ई एमकेपी
० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सऑर लूप एफ एमकेपी

एमकेपी ला आधी किंमत द्यायची आणि मग जागेचा नंबर, सगळे आकडे हेक्समधे. चौथ्या ओळीतला "रियल-मशीन-टाइप" हा शब्द मशीनचा प्रकार बोर्डलाच विचारून घेतो, एसएस-२० ला तो ७२ येतो, म्हणून होस्ट आयडीही ७२ नं सुरू होतो. ८-०-२० हे सनचे तीन बाइट. पुढचं सी०-एफएफ-ईई म्हणजे कॉफी, ही जगभरची जुनी थट्टा आहे, मला चहा लिहायचा होता पण हेक्समधे चहा बसत नाही.

शेवटची ओळ आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सऑर (बिटाला बिट लावून बघायचं, सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक) करून चेकसम भरते. ती टाइप करताना चूक झाली की लोक हैराण होतात, म्हणून शॉर्टकट सांगतो. इथरनेटचे शेवटचे तीन बाइट आणि होस्ट आयडीचे तीन बाइट सारखेच ठेवलेत तर एक्सऑरमधे ते एकमेकांना खाऊन टाकतात, तारीख शून्य, मग उरलं काय तर ०१, ७२, ०८ आणि २०. ०१ आणि ७२ चा एक्सऑर ७३, त्याचा ०८ शी ७बी, त्याचा २० शी ५बी. म्हणजे एसएस-२० वर तुम्ही शेवटचे तीन बाइट काहीही घ्या, दोन्हीकडं तेच घेतलेत तर चेकसम कायम ५बी. लूपच्या भानगडीत न पडता सरळ "५बी एफ एमकेपी" मारा आणि मोकळे व्हा.

मग "रीसेट", आणि बॅनरमधे, म्हणजे सुरू होताना मशीन स्वतःची माहिती छापतं त्यात, ॲड्रेस नीट दिसला पाहिजे. बॅटरी मेलेली असेल तर पॉवर काढेपर्यंतच हे टिकणार, उद्या सकाळी परत तीच पूजा.

कॉफीच का, खरा ॲड्रेस नाही का मिळणार?

चिपवरच्या स्टिकरवर बहुतेक वेळा ॲड्रेसचे शेवटचे आकडे छापलेले असतात, ते वापरा, मशीनला त्याची खरी ओळख परत मिळते. स्टिकर फाटलं असेल तर काहीही घ्या, फक्त घरात दोन मशीन्स असतील तर दोघांना कॉफी पाजू नका. मी पाजली होती. एकच चालू असलं की मस्त चालायचं, दुसरं चालू केलं की दोघांचंही नेटवर्क गचके खायचं, आणि दोन रविवार मी केबल बदलत बसलो होतो.

चिप कायमची कशी दुरुस्त करायची?

दोन रस्ते. नवी चिप घ्या, किंवा जुनी कापा.

नवी घेताना बनावट मालापासून सावध, "नवीन" म्हणून विकायला येणारा बराचसा माल जुनाच काढून पुसून आलेला असतो, बॅटरी त्याचीही मेलेली. एम-४८-टी-१८ ही चिप सुद्धा चालते, फरक आहे तो किती व्होल्टला ती लिहिणं बंद करते एवढाच.

कापायचं असेल तर एपॉक्सीचं टोपडं बारीक करवतीनं किंवा छोट्या ग्राइंडरनं हळूहळू घासत बॅटरीच्या दोन्ही पट्ट्या उघड्या करायच्या, जुन्या बॅटरीचा संबंध पूर्ण तोडायचा, आणि तिथं सीआर-२०३२ चा होल्डर सोल्डर करायचा. जुनी तोडल्याशिवाय नवी जोडू नका, मेलेली बॅटरी नवीला पिऊन टाकते. मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात घ्यायच्या लायकीची नाही. आणि हे सगळं चिप सॉकेटमधून काढून टेबलावर करायचं, बोर्डवर नाही. काढताना खाच कोणत्या बाजूला होती त्याचा फोटो काढा. उलटी बसवून पॉवर दिलीत तर मग खरंच "बोर्ड गेलाय".

काम झाल्यावर ओके प्रॉम्प्टवर "वॉच-क्लॉक" द्या, सेकंद पुढं सरकताना दिसले पाहिजेत. नव्या चिपचं घड्याळ कधीकधी थांबलेल्या अवस्थेत येतं, ऑपरेटिंग सिस्टिम चढवून एकदा तारीख सेट केली की ते टिकटिक करायला लागतं.

कोणकोणते सीपीयू मोड्यूल बसतात? एसएम-५०, एसएम-५१, एसएम-६१, हे आकडे काय आहेत?

नावातला पहिला आकडा साधारण वेग सांगतो, दुसरा आकडा कॅश, म्हणजे सीपीयूच्या हाताशी ठेवलेली वेगवान मेमरी. एसएम-५० म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, बाहेरचा कॅश नाही. एसएम-५१ म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, एक एमबी कॅश. एसएम-६१ म्हणजे ६०, एसएम-७१ म्हणजे ७५, एसएम-८१ म्हणजे ८५. सगळे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बनवलेले सुपरस्पार्क, शेवटचे दोन सुपरस्पार्क-२.

कॅश असणं-नसणं हा नुसता वेगाचा प्रश्न नाही. कॅशवाल्या मोड्यूलवर स्वतःचं क्रिस्टल असतं, सीपीयू आपल्या चालीनं धावतो आणि एमबस आपल्या. बिनकॅशवाल्याला स्वतःची चाल नाही, तो एमबसच्या ठोक्यावरच नाचतो. एसएस-२० चा एमबस ४० किंवा ५० ला चालतो म्हणून एसएम-५० तिथं पूर्ण वेगानं पळतो. हाच मोड्यूल एसएस-१० मधे घातलात, जिथं एमबस ४० च्या वर जात नाही, तर पैसे ५० चे आणि काम ४० चं. एसबस एमबसच्या निम्म्यानं चालतो, म्हणजे २० किंवा २५.

दुसरी जात म्हणजे रॉसचे हायपरस्पार्क, ते पार २०० मेगाहर्ट्झपर्यंत आले. एका मोड्यूलवर दोन सीपीयू असलेलेही आहेत, असे दोन घातले की झाले चार. काही मोड्यूल दुप्पट रुंद असतात आणि शेजारच्या एसबस स्लॉटची जागा खातात, विकत घेताना हे आधी विचारा. आणि चार सीपीयू घातलेलं एसएस-२० हे कम्प्युटर नसून इस्त्री असते. नागपूरच्या मे महिन्यात ते झाकण लावून चालवायचा विचारही करू नका, वेगळा पंखा लावाच.

वेगवेगळे मोड्यूल एकत्र चालतात का?

सुपरस्पार्क आणि हायपरस्पार्क एकत्र: नाही. कॅशवाला आणि बिनकॅशवाला एकत्र: नाही. दोन्ही कॅशवाले पण वेग वेगळा, उदाहरणार्थ ५१ आणि ६१: कुणाकुणाचं चालतं, पण मी करत नाही, कारण मग काहीही बिघडलं की संशय कायम त्याच्यावरच जातो. जोडी एकसारखीच घ्या.

दुसरा सीपीयू घातला पण दिसत नाही.

बॅनर वाचा. तिथं कंसात "१ एक्स ३९०झेड५५" किंवा "२ एक्स ३९०झेड५५" असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा बोर्डला दिसलेल्या सीपीयूंचा. झेड५५ म्हणजे कॅशवाला, झेड५० म्हणजे बिनकॅशवाला, त्यामुळं विकणाऱ्यानं ५१ म्हणून ५० गळ्यात मारलाय का ते इथंच उघडं पडतं, आणि असं होतं, माझ्या बाबतीत झालंय. आणखी तपशील हवा असेल तर "मोड्यूल-इन्फो".

एकच दिसत असेल तर नव्वद टक्के वेळा मोड्यूल नीट बसलेलाच नसतो. एमबसचा कनेक्टर बारीक आणि लांबट आहे, मोड्यूल बसल्यासारखा वाटतो, स्क्रूही आवळता येतो, पण एक टोक अर्धा मिलिमीटर वर असतं. मोड्यूलच्या मधोमध दाबू नका, कनेक्टरच्या बरोब्बर वर दोन्ही अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, खट्ट असं बोटांना जाणवतं. कोकणात किंवा मुंबईत राहिलेलं मशीन असेल तर आधी कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. खोडरबर चालवू नका, त्याचा भुसा त्या फटींत जाऊन बसतो.

त्यानंतरही दिसत नसेल तर मोड्यूलची अदलाबदल करा. पहिला काढून त्याच्या जागी दुसरा घाला. चालला तर मोड्यूल चांगला, स्लॉट संशयित. नाही चालला तर उलट. आणि बूट प्रॉमचं व्हर्जन बघा, बॅनरमधेच छापलेलं असतं. जुन्या प्रॉमला नवे मोड्यूल ओळखता येत नाहीत. माझ्या सगळ्या मशीन्सवर २.२५ आहे.

मेमरी कोणती?

२०० पिनांची डीसिम, १६, ३२ किंवा ६४ एमबीची, आठ स्लॉट म्हणून जास्तीत जास्त ५१२ एमबी. पीसीची मेमरी बसत नाही, बसवायचा प्रयत्नही नको. चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक पट्टी ईसीसी (चुका पकडणारे जादा बिट) धरून पूर्ण १४४ बिट रुंद आहे, त्यामुळं जोड्या लावायची कटकट नाही, एक पट्टी असली तरी मशीन चालतं. म्हणूनच खराब पट्टी शोधणं सोपं: एकेक लावून बघा.

पोस्ट म्हणजे सेल्फ-टेस्ट बघायची आहे, कशी?

"सेटएन्व्ह डायग-स्विच? ट्रू" करा, सिरियल लावून पॉवर बंद-चालू करा. कीबोर्ड लावलेला असेल तर पॉवर देताना स्टॉप आणि डी दाबून धरलं तरी चालतं. सिरियलवर ओळीमागून ओळी यायला लागतील, आणि टेस्ट चालू असेपर्यंत कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो. मेमरी भरपूर असेल तर हे लांबतं, चहा करून आणा. मशीन हँग झालं समजून मधेच पॉवर काढणारे भरपूर आहेत, मीही त्यातलाच.

शेवटची ओळ काय होती हे महत्त्वाचं. मशीन जिथं थांबलं तिथंच दुखणं, म्हणून टर्मिनल प्रोग्रॅममधे लॉग फाइलमधे साठवायची सोय चालू ठेवा. काम झालं की डायग-स्विच? परत फॉल्स करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा ते नेटवर्कवरून बूट करायला जाणार आणि तुम्ही मला पुन्हा तोच प्रश्न विचारणार.

ओके प्रॉम्प्टवरून हातानंही बरंच तपासता येतं: "शो-डेव्ह्ज" सगळी उपकरणं दाखवतो, "टेस्ट नेट" नेटवर्क तपासतो, "टेस्ट-ऑल" ज्याची ज्याची टेस्ट आहे ते सगळं. सोलॅरिसमधलं पीआरटीडायग इथं कामाचं नाही, ते दुसऱ्या जातीच्या मशीन्ससाठी, इथं पीआरटीकॉन्फ आणि पीएसआरइन्फो वापरा.

"वॉचडॉग रीसेट" येऊन ओके प्रॉम्प्टवर पडतंय.

सीपीयूनं ट्रॅप (चूक किंवा व्यत्यय आला की हातातलं काम सोडून तिकडं वळणं) बंद ठेवलेले असताना त्याला ट्रॅप घ्यावा लागला की हे होतं. हार्डवेअर असू शकतं, सॉफ्टवेअरही. माझा क्रम असा: एसबस कार्डं सगळी बाहेर, मग एक सीपीयू, मग एक मेमरी पट्टी, आणि प्रत्येक पायरीवर तासभर चालवून बघायचं. गार असताना चालतं आणि अर्ध्या तासानं पडतं असं असेल तर मोड्यूलचा हीटसिंक, पंखा, धूळ. लगेच पडत असेल तर मेमरी नाहीतर मोड्यूल बसवण्यातली चूक.

डिस्क सापडत नाही.

"प्रोब-स्कझी" द्या, स्कझी म्हणजे इथं डिस्क ज्या बसवर जोडतात तो. आतल्या दोन डिस्क ८० पिनांच्या एससीए कनेक्टरच्या, आयडी जागेवरून ठरतो, एक ३ आणि एक १, सीडीरॉमला ६. "बूट डिस्क" म्हटलं की ते ३ कडं जातं, त्यामुळं दुसऱ्या जागेत डिस्क घालून "बूट होत नाही" म्हणू नका. बाहेरून काही जोडलं असेल तर साखळीच्या टोकाला टर्मिनेटर हवाच. सीडी ड्राइव्ह ५१२ बाइटांच्या ब्लॉकचा लागतो, साधा पीसीवाला बहुधा चालत नाही. बूटचं पार्टिशन डिस्कच्या सुरवातीच्या दोन जीबीतच ठेवा, प्रॉम जुना आहे, त्याला फार लांबचं दिसत नाही. जुन्या डिस्क आता शिट्ट्या मारायला लागल्यात, एसडी कार्डवाला स्कझी एम्युलेटर लावला तर आवाज आणि उष्णता दोन्ही कमी होतात.

नेटवर्क लिंक येत नाही, पण टेस्ट पास होते.

बोर्डवरचं इथरनेट १० मेगाबिटचं आहे. नव्या वेगवान स्विचचे काही पोर्ट १० ला खालीच उतरत नाहीत. घरातला सगळ्यात जुना, पिवळा पडलेला हब किंवा स्विच मधे घाला. माझा अजून माळ्यावरून काढलेल्या जुन्या हबवरच चालतो.

प्रॉमला पासवर्ड आहे, मागच्या मालकाचा पत्ता नाही.

मशीन बूट होत असेल आणि रूट मिळवता येत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिममधून "ईईप्रॉम सिक्युरिटी-मोड=नन". नाहीतर पासवर्ड एनव्हीरॅममधेच असतो, चिप बदला. बॅटरी मेलेली असेल तर पासवर्डही तिच्याबरोबर गेला, मेलेल्या बॅटरीचा हा एकमेव फायदा.

साधा मॉनिटर जोडता येतो का?

मागचा कनेक्टर १३डब्ल्यू३, त्याला ॲडाप्टर मिळतो, पण मॉनिटरला कंपोझिट सिंक कळलं पाहिजे आणि ११५२ बाय ९०० हे विचित्र रिझोल्यूशन झेपलं पाहिजे. काही एलसीडी बिनबोभाट चालतात, काही "आउट ऑफ रेंज" म्हणून हात वर करतात. आपला मॉनिटर मित्राकडं घेऊन जाऊन बघा, हाच उपाय. आणि कीबोर्ड चालू मशीनला लावू-काढू नका, काढला की मशीनला तो ब्रेक वाटतो आणि ते थेट ओके प्रॉम्प्टवर येऊन उभं राहतं. घरातल्या मांजरानं माझं आठ तासांचं कम्पाइल असंच घालवलंय.

यावर काय चालवू?

सोलॅरिस ९ पर्यंत चालतं, १० पासून फक्त ६४ बिट. ओपनबीएसडीनं ५.९ नंतर ३२ बिट स्पार्क सोडलं. आजही नवी आवृत्ती हवी असेल तर नेटबीएसडी. मला विचाराल तर सोलॅरिस २.६ किंवा ७ टाका, मशीन ज्या काळातलं त्या काळातलं, ६४ एमबीत सुद्धा हलकं पळतं.

हेच सगळं एसएस-१० किंवा एसएस-५ ला लागू आहे का?

एसएस-१० ला बऱ्यापैकी, तेच एमबस, तीच मेमरी, तीच एनव्हीरॅम, फक्त डिस्कचे कनेक्टर जुने ५० पिनांचे आणि सप्लाय बारका, म्हणून त्यात तापट मोड्यूलांची गर्दी नको. एसएस-५ चा सीपीयू बोर्डवरच पक्का असतो, त्यामुळं वरचा मोड्यूलांचा अख्खा भाग सोडा. एनव्हीरॅमची पूजा मात्र त्यालाही चुकत नाही, फक्त मशीनचा प्रकार ७२ ऐवजी ८० येतो, आणि मग शॉर्टकटचा चेकसम ५बी नाही तर ए९.